न घेतलेला हँडओव्हर

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं साधं काम म्हणजे बायकोच्या नर्सटोपीला खळ दिली. तांदूळ मूठभर उरले होते. त्यांची पेज केली. वरचं निवळ एका वाटीत काढून ठेवलं आणि खालची शितं दोघांनी वाटून खाल्ली. मी म्हटलं, "अगो, ते निवळ पिऊन टाक. तोंड बघ तुझं, हळद लावल्यासारखं झालंय."

ती म्हणाली, "आणि टोपीला काय लावू? तुमचा ग्रीस?"

"नको लावूस काही. लढाईच्या दिवसांत कोण टोपी बघतंय?"

"पेशंट बघतात. टोपी मऊ पडली की त्यांना वाटतं, आता ही पण जाणार."

मग निवळात निळीचा एक थेंब टाकला, लिंबाचं साल पिळलं, टोपी बुडवली आणि मी तिची घडी घातली. घडी नेहमी माझ्याकडे. मी पत्र्याच्या कामातला माणूस. इमारतीच्या छतातून एसीची हवा फिरवायला पत्र्याचे डक्ट लागतात, ते मी बनवायचो आणि बसवायचो. पत्र्याला घडी घालणाऱ्याला कापड म्हणजे खेळ. टोपी स्टोव्हशेजारी वाळत ठेवली. मग तिने जेवणाच्या ताटाशी बसूनच मला हँडओव्हर दिला. मी "घेतला" म्हटलं. आणि आम्ही झोपलो.

हे कुवेतमधलं, मंगफच्या आमच्या खोलीतलं. इराकचे सैनिक येऊन बसले होते त्या हिवाळ्यातलं. दुसऱ्या दिवशी ती वॉर्डातच कोसळली आणि थोड्या दिवसांत त्याच वॉर्डात, दाराजवळच्या खाटेवर गेली. कावीळ आणि ताप.

जिच्यामुळे ती गेली तिचं नाव मी लिहिणार नाही. भीती म्हणून नाही, दया म्हणून तर नाहीच. माझ्या हाताने ते नाव कागदावर उतरावं एवढी तिची लायकी नाही. सगळे तिला मॅडम म्हणायचे, मीही तेच लिहितो. माझी बायको "मॅडम म्हणाल्या" असं म्हणायची. मी "म्हणाली" म्हणतो. माझी शाळा चौथीपर्यंतची, पण कुणाला काय म्हणायचं ते मला कळतं.

बायको गावाकडे सरकारी दवाखान्यात होती. अठरा महिन्यांचं शिक्षण झालेली. बाळंतपणं करायची, डोस पाजायची, डोंगरातल्या वाड्यांवर पायी जायची. मी आधी कुवेतला आलो, मग ती आली. फहाहीलला एका खाजगी क्लिनिकमध्ये तिला काम मिळालं. तिथे रजिस्टर्ड नर्स असेल तिला सिस्टर म्हणत. माझ्या बायकोला म्हणत "ए, इकडे ये." इंजेक्शन द्यायची परवानगी नाही. भांडं उचल, चादर बदल, लादी पूस. जिने शेकडो पोरं जगात आणली तिला ताप मोजायला दुसऱ्याला विचारावं लागायचं. घरी येऊन रडायची नाही. भांडी जोरात घासायची. मी समजून जायचो.

मग तिने एका संस्थेत नाव घातलं. दोन वर्षांचा अभ्यास, शेवटी असोसिएट डिग्री, आणि मग परीक्षा देऊन रजिस्टर्ड नर्स. सकाळी क्लिनिक, दुपारनंतर वर्ग, मग एका हॉस्पिटलच्या बायकांच्या वॉर्डात प्रॅक्टिकल. वर्गात बाकीच्या पोरी विशीतल्या. ही चाळिशी ओलांडलेली. पोरी तिला मम्मी म्हणायच्या. ती म्हणायची, "म्हणू देत. पट्टी लागल्यावर सिस्टर म्हणतील." पास झाल्यावर टोपीला काळी पट्टी लागते, तिचं सगळं लक्ष त्या पट्टीवर.

घरी तिचा पेशंट मी. कामावरून दमून आलो की खाटेवर आडवं व्हायचं आणि ती मला गुंडाळायची. हात गळ्यात बांधायची, डोक्याला पट्ट्या मारायची, तोंडात थर्मामीटर. शेजारच्या खोलीत आमच्या राजापूरकडचा एक प्लंबर राहायचा. एकदा तो मीठ मागायला आला आणि दारातच थांबला.

"वैनी, ह्यांना पार्सल करून गावाला धाडताय काय?"

ती म्हणाली, "तिकडे घेत नाहीत. परत येईल माल."

हाडांची नावं पाठ करायची तर माझ्याच अंगावर. मांडीवर बोट ठेवून विचारायची, "हे कुठलं?" मी म्हणायचो, "बसायचं." "अहो, इंग्रजीत." "इंग्रज काय उभ्याने जेवतात?" मग तीच सांगायची, फीमर. माझ्या अंगातल्या सगळ्या हाडांची इंग्रजी नावं मला ऐकून पाठ झाली. अजून पाठ आहेत. आता ती हाडं दुखतात तेव्हा मी नावानिशी शिव्या देतो.

त्या संस्थेत शिकवणारी ही मॅडम पुण्याकडची. गोरी, नीटस, बोलायला गोड. पहिल्या दिवशी बायको आनंदाने सांगत आली, "आपली मराठी बाई आहे हो, सांभाळून घेईल." सांभाळून कसलं घेते! हिच्या इंग्रजीवर सगळ्या वर्गासमोर हसायची. एकदा हिची टोपी हातात घेऊन वास घेतला आणि म्हणाली, "शी! आंबलेल्या भाताचा वास येतोय. इथे दुकानात स्टार्च मिळतो, माहीत आहे ना? का अजून गावातच आहात?" आणि टोपी टेबलावरून अशी सरकवली जशी मेलेली पाल. तेव्हापासून आमच्या निवळात नीळ आणि लिंबू आलं. तरीही बायको तिच्या बाजूने बोलायची. "शिकवतात छान हो. कडक आहेत, पण शिकवतात छान."

एक गोष्ट मॅडमने खरंच चांगली शिकवली. ती तिच्याच गळ्याशी आली, म्हणून सविस्तर सांगतो.

नर्सची ड्युटी घड्याळावर सुटत नाही. दुसरी नर्स येते, दोघी प्रत्येक खाटेशी उभ्या राहतात, जाणारी सांगते आणि येणारी ऐकते. कुणाला काय दुखतंय, काय दिलं, काय द्यायचं, कुठल्या कुशीवर वळवायचं नाही. शेवटी येणारीने "घेतला" म्हणायचं. तिने घेतला म्हणेपर्यंत जाणारीची ड्युटी चालूच. पाय सुजले असोत, घरी पोर रडत असो. आणि ऐकणारीने बसून ऐकायचं नाही, उभं राहून ऐकायचं. मॅडमने हे वर्गाला इंग्रजीत घोकायला लावलं होतं: नर्स हँडओव्हर दिल्याशिवाय वॉर्ड सोडत नाही. बायको ते वाक्य भाजी चिरताना म्हणायची, अंघोळीला जाताना म्हणायची. इतकं ऐकलं की ते इंग्रजी मलाही तोंडपाठ.

सरावासाठी ती रोज रात्री जेवताना मला हँडओव्हर द्यायची. मी भात कालवता कालवता "घेतला" म्हणायचो. ती म्हणायची, "उभं राहून म्हणा." मी ताट घेऊन उभा राहायचो. प्लंबर म्हणायचा, "आमच्या गावात लग्नातच असं उभ्याने जेवतात."

ऑगस्टात इराकचे रणगाडे आले. ते सगळ्यांना माहीत आहे, मी काय सांगू. दुकानं फुटली, फोन गेले, मालक पळाले. आमची माणसं बसने इराकमार्गे जॉर्डनला आणि तिथून विमानाने मुंबईला जायला लागली. मी धावपळ करून दोघांची जागा मिळवली. प्लंबरला जमलं नाही, त्याचा पासपोर्ट मालकाकडे आणि मालक कुठे ते देवाला ठाऊक.

घरी येऊन बायकोला म्हटलं, "बांध गाठोडं."

ती म्हणाली, "मॅडमना विचारते."

"मॅडमला कशाला? ती काय माझी सासू?"

वॉर्डातल्या बऱ्याच नर्सा गेल्या होत्या. शिकणाऱ्या पोरींवर वॉर्ड चालला होता. मॅडमने त्यांना गोळा करून सांगितलं, जी आत्ता जाईल तिची दोन वर्षं पाण्यात. जी थांबेल तिचं हे काम प्रॅक्टिकल म्हणून धरलं जाईल, पट्टी मी स्वतः लावीन. कुणीतरी विचारलं, आणि तुम्ही? ती म्हणाली, "मी इथेच आहे. जायची वेळ आली तर सगळ्यांना घेऊन जाईन. तुमच्याकडून हँडओव्हर घेतल्याशिवाय मी हलणार नाही."

हे बायकोने मला शब्दाला शब्द सांगितलं. तिचा चेहरा उजळला होता. मी ती जागा दुसऱ्या जोडप्याला दिली.

नंतर गावात लोक मला म्हणाले, तू तिला ओढून न्यायला हवं होतंस. लोकांना बोलायला काय जातं. मी दोष माझ्याकडे घेत नाही. दोषाला धनी आहे आणि तो धनी मी नाही.

पुढे एक दिवस बायको ड्युटीवरून उशिरा आली. म्हणाली, "आज मॅडम आल्या नाहीत." दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी तिच्याबरोबरच्या केरळी पोरीने सांगितलं. तिने मॅडमची गाडी पाहिली होती. टपावर गाद्या बांधलेल्या, मागे नवरा, पोरगी, सुटकेसा. इराककडे, बसऱ्याच्या रस्त्याला लागलेली. ज्या सकाळी गेली त्याच्या आदल्या संध्याकाळी ती वॉर्डात येऊन गेली होती. सगळ्यांकडे बघून हसली होती. माझ्या बायकोला म्हणाली होती, "तुमची टोपी आज छान दिसते हं."

एक शब्द सांगितला नाही. एक शब्द!

मी म्हटलं, "आता तरी सुटलीस ना? चल."

ती म्हणाली, "कशी सुटले? हँडओव्हर कुणी घेतला?"

"अगो खुळे, जी घेणार होती ती पळाली."

"त्या पळाल्या म्हणून मी पळू? खाटेवर माणसं आहेत, अहो. आणि त्या येतील. पोरीला सोडून परत येतील. मॅडम आहेत त्या."

शिकलेल्या माणसाच्या शब्दावर असा विश्वास फक्त आमच्यासारखी माणसं ठेवतात. मास्तर म्हणाला, डॉक्टर म्हणाला, मॅडम म्हणाली. म्हणाली म्हणजे झालं. तिने रोजचा हँडओव्हर मला द्यायचं सोडलं नाही. आधी तो सराव होता, आता खरा झाला. म्हणायची, "कुणाकडे तरी असायला हवा. मला काही झालं तर मॅडम आल्या की तुम्ही द्या." मी चिडून म्हणायचो, "देईन, देईन. चांगला देईन."

ती गेली तेव्हा मायदेशी न्यायला विमान नव्हतं. अग्नी द्यायची सोय नव्हती. आम्ही तिला वाळूत पुरलं. आमच्यात पुरतात ते लेकराला, मोठ्या बाईला नाही. केरळी पोरीने तिची टोपी डोक्यावर ठेवायला आणली होती. मी ती काढून घेतली. पट्टी नसलेली टोपी घालून ती कुठेही जाणार नव्हती.

दहाव्याला प्लंबरने कुठूनतरी पीठ आणलं. समुद्रावर जायला बंदी, तिथे खंदक खणलेले. इमारतीच्या गच्चीवर पिंड ठेवला. कावळा कुठला यायला. कबुतरं आली आणि एका झडपेत पिंड संपवला.

प्लंबर म्हणाला, "शिवला हो. सुटली वैनी."

मी म्हटलं, "कबूतर कुणाच्याही हातचं खातं. सुटली नाही ती."

"मग काय राहिलंय तिचं?"

"ड्युटी राहिलीय."

त्याला वाटलं माझं डोकं फिरलं. फिरलं नव्हतं. तिने हँडओव्हर मला दिला होता, पण मी नर्स नाही. माझ्या "घेतला" म्हणण्याला काय अर्थ? जिने घ्यायचा होता तिने घेतला नाही, म्हणजे माझी बायको मेली तरी ड्युटीवर. ही गोष्ट मला सूर्यासारखी स्वच्छ दिसत होती. आणि त्या दिवशी गच्चीवर मी ठरवलं की मॅडम जिथे असेल तिथे तिला गाठायचं. ती खाटा सोडून गेली, त्या खाटा तिच्या उरावर नेऊन ठेवायच्या. एक एक करून.

लढाई झाली, इराकी गेले, आणि तेलाच्या विहिरी पेटल्या. भर दुपारी दिवे लावावे लागायचे. अंगावरचं बनियन काळं, थुंकी काळी. प्लंबरला नवा पासपोर्ट मिळाला आणि तो गावी निघाला. मलाही म्हणाला चला. मी म्हटलं, "ती परत येईल. पगार इथे आहे, खुर्ची इथे आहे. असली माणसं खुर्चीकडे परत येतात." तो म्हणाला, "आणि नाही आली तर?" मी म्हटलं, "तर मी पुण्याला येईन."

माझ्या धंद्याला तेव्हा मरण नव्हतं. सैनिकांनी इमारतींतून पंखे, एसी, पत्रेसुद्धा उचकटून नेले होते. रोज नवी इमारत, नवे डक्ट. मी थैलीत पत्रा कापायची कात्री ठेवायचो आणि तिच्याखाली, फडक्यात गुंडाळलेली, टोपी. खरं सांगतो, सुरुवातीला कात्रीचाच विचार होता. झोपताना मी तिच्या दांड्यावर हात ठेवून झोपायचो. मग वाटलं, कात्रीने काम लवकर संपेल. मला लवकर संपवायचं नव्हतं.

उन्हाळा सरता सरता आमच्या फोरमनने कुवेत शहरात, शर्क भागातल्या एका इमारतीचं काम दिलं. दुसऱ्या मजल्यावर डक्ट बसवायचे. मी छतात शिरलो, पोटावर आडवा, तोंडाला फडकं. पत्र्याच्या डक्टमधून आवाज कसा येतो ते धंद्यातल्या माणसालाच माहीत. पलीकडच्या खोलीतलं कुजबुजणं कानात बोलल्यासारखं ऐकू येतं. मी जोड घट्ट करत होतो आणि डक्टमधून गोड आवाज आला. इंग्रजीत. नर्स हँडओव्हर दिल्याशिवाय वॉर्ड सोडत नाही.

माझ्या हातातली पत्रा ठोकायची मोगरी थांबली. बायकोची संस्था आता ह्या इमारतीत भरते हे मला ठाऊक नव्हतं.

पोरींनी ते वाक्य एका सुरात म्हटलं. मग तो आवाज हिंदीत, पोरींना नीट कळावं म्हणून, म्हणाला, "गेल्या वर्षी एवढी मोठी आपत्ती आली, पण आपल्या विद्यार्थिनींनी वॉर्ड सोडला नाही. एकीने तर जीव दिला. कारण मी त्यांना तसं घडवलं होतं."

मी घडवलं होतं!

मी छतातून शिडीवर, शिडीवरून खाली. डोक्यात, भुवयांवर पांढरी धूळ. थैली खांद्याला. वर्गाचं दार उघडं होतं. नव्या पोरी, कोऱ्या टोप्या, दुकानचा स्टार्च. समोर टेबलामागे खुर्चीत ती. जराशी जाड झालेली. तिने मला ओळखलं नाही.

"एसीवाले ना? वर्ग संपल्यावर या. आत्ता चालू आहे."

मी म्हटलं, "मॅडम, मी हँडओव्हर द्यायला आलोय."

"कसला हँडओव्हर?"

"तुम्ही सोडून गेलात त्या वॉर्डाचा."

मी थैलीतून टोपी काढून तिच्या टेबलावर ठेवली. इतके महिने कात्रीखाली राहून तिची घडी दबली होती, पण मोडली नव्हती. मॅडमने टोपीकडे बघितलं. वास घ्यायला हात पुढे आला नाही.

ती मराठीत, हळू आवाजात म्हणाली, "तुम्ही त्यांचे मिस्टर का? फार वाईट झालं. आपण बाहेर बोलू."

"बाहेर खाटा नाहीत," मी म्हटलं. आणि हिंदीत बोलायला लागलो, सगळ्यांना कळावं म्हणून. "खिडकीजवळची खाट. म्हातारी. साखरेचा आजार. डाव्या पायाचा अंगठा काळा पडलाय, इन्सुलिन संपलंय. खिडकी अर्धी उघडी ठेवायची, पूर्ण बंद केली तर ती रडते."

मॅडम म्हणाली, "हे काय चाललंय?"

"पुढची खाट. शाळेतली बाई, खुबा मोडलाय. डाव्या कुशीवर वळवायचं नाही, तिथे जखम आहे. वळवताना तिला आधी सांगायचं. न सांगता हात लावला की ती घाबरते."

पहिल्या बाकावरची एक बारीकशी पोरगी उठून उभी राहिली. मला वाटलं बाहेर चालली. नाही, ती हात मागे बांधून नुसती उभी राहिली. मग तिच्या शेजारची. मग मागच्या. खुर्च्या सरकल्याचा आवाज झाला आणि सगळा वर्ग उभा. हँडओव्हर ऐकताना उभं राहायचं, हे त्यांना नुकतंच शिकवलेलं होतं. खुर्चीत बसलेली फक्त मॅडम.

मी तिच्याकडे बघून पुढे गेलो. "तिसरी खाट. सिंहली मोलकरीण, पोरच आहे. वरून पडली, दोन्ही पाय प्लास्टरमध्ये. खोटं बोलते की औषध घेतलं. जीभ वर करून बघायचं."

मॅडम म्हणाली, "ह्या पेशंट आता कुठे आहेत? वर्ष झालं त्याला!"

"ते तुम्ही मला विचारायचं नसतं. तुम्ही तिथे असायचं असतं."

तिचं तोंड पांढरं पडलं. मला बरं वाटलं. लिहितो ते खरं लिहितो, मला फार बरं वाटलं. गच्चीवर ठरवल्यापासून पहिल्यांदा श्वास पोटापर्यंत गेला.

ती उठली, पण ऐकायला नाही. हारिसला हाक मारत दाराकडे निघाली. हारिस म्हणजे इमारतीचा राखणदार, इजिप्तचा म्हातारा माणूस. तो आला आणि दारात उभा राहून एकदा माझ्याकडे, एकदा उभ्या पोरींकडे बघायला लागला. मी म्हटलं, "अजून एक खाट राहिलीय. दाराजवळची."

मॅडम माझ्याजवळून जाताना थांबली. डोळ्यांत पाणी होतं. असू दे. पाणी सगळ्यांच्याच डोळ्यांत असतं.

"माझी मुलगी लहान होती हो," ती म्हणाली. "सैनिक आमच्या बिल्डिंगमध्ये शिरले होते. तुम्हाला नाही कळणार."

"मुलगी होती तर न्यायची. कोण अडवत होतं? सांगून जायचं. 'मी चालले, तुम्हीही जा', एवढंच म्हणायचं. तेवढं म्हटलं असतंत तर माझी बायको आज गावाला पेज ढवळत असती. तुम्ही तिची टोपी छान आहे म्हणालात आणि गेलात."

"मी काय केलं म्हणजे तुमचं समाधान होईल?"

"दाराजवळची खाट ऐका. उभं राहून. मग 'घेतला' म्हणा."

तिने कानांवर हात ठेवले. लहान पोर ठेवतं तसे. आणि जिना उतरून गेली. तिच्या सँडलचा आवाज खालपर्यंत ऐकू आला. दुसऱ्यांदा पळाली. ह्या वेळी मात्र साक्षीला सगळा वर्ग होता.

हारिसने माझ्या खांद्यावर हात ठेवला. "खलास?" त्याने विचारलं. झालं का, म्हणून.

मी म्हटलं, "खलास नाही."

पोरी अजून उभ्याच होत्या. त्या बारीक पोरीने टेबलावरची टोपी उचलली आणि दोन्ही हातांनी मला आणून दिली. दाराजवळच्या, माझ्या बायकोच्या खाटेचं मी तिला सांगितलं नाही. ते तिच्यासाठी नव्हतं.

संध्याकाळी फोरमनने मला त्या कामावरून काढलं. तक्रार आली होती. म्हणाला, उद्यापासून त्या इमारतीत पाय ठेवायचा नाही. मी म्हटलं, इमारतीत नाही ठेवणार. मंगफला येऊन मी भात केला. पेज काढली, निवळात निळीचा थेंब टाकला, लिंबू पिळलं, टोपी बुडवली आणि घडी घातली. दुसरं टोक धरायला कुणी नव्हतं म्हणून ते खाटेच्या पायाखाली दाबलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी धुतलेला शर्ट घालून मी शर्कला गेलो. इमारतीच्या फाटकासमोरच्या फुटपाथवर, रस्त्याच्या ह्या बाजूला उभा राहिलो, जिथून कुणी हाकलू शकत नाही. धूर होता, सूर्य तांब्याच्या ताटासारखा दिसत होता. हारिसने मला बघितलं आणि आत जाऊन परत आला तो हातात चहाचा ग्लास घेऊन. पोरी यायला लागल्या. ती बारीक पोरगी फाटकाशी थांबली, मग तिच्या मागच्या थांबल्या.

मॅडमची गाडी आली. ती उतरली, तिने मला बघितलं आणि गाडीच्या दारावरचा हात तसाच ठेवून उभी राहिली.

मी चहाचा ग्लास खाली ठेवला, टोपी हातात धरली आणि खिडकीजवळच्या म्हातारीपासून पुन्हा सुरुवात केली.